प्रकल्प नोंदी: जस्टिस लीगचा हजेरीपट

3 मार्च 2025

काम ठरलं. आमच्या ॲनिमेशन मालिकेबद्दल (पाच नायकांची टोळी, एवढंच सध्या पक्कं आहे) कालच्या बैठकीत पुन्हा तोच वाद झाला. पाचही जण प्रत्येक भागात हवेतच का? दिग्दर्शक ताईंचं म्हणणं, आवडता नायक दिसला नाही तर पोरं दुसरं काहीतरी लावतात. माझं म्हणणं, 22 मिनिटांत पाच जणांना वाक्यं वाटत बसलो तर गोष्टीला जागाच उरत नाही. तास-दीड तास खल झाल्यावर ताई म्हणाल्या, "नुसत्या गप्पा नकोत. ज्यांनी हे नीट करून दाखवलंय त्यांचं बघ आणि कागदावर मांड."

म्हणून 'जस्टिस लीग', नायकांच्या टोळीचीच ॲनिमेशन मालिका. अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर 17 नोव्हेंबर 2001 ला सुरू झाली, 2004 मध्ये 'जस्टिस लीग अनलिमिटेड' असं नाव घेऊन पुढे चालली, मे 2006 मध्ये संपली. आधीचे 52 भाग, नंतरचे 39, मिळून 91. मुख्य निर्माता ब्रूस टिम. लहानपणी हिंदीतून, तेही शाळा-क्लासच्या मधल्या वेळात तुकड्यातुकड्यांनी पाहिलेली. आता मूळ इंग्रजीत आणि क्रमाने.

तक्त्याला नाव दिलंय हजेरीपट. रकाने चार: कोण आहे, कोण नाही, नसण्याचं कारण दिलंय का, आणि भाग कुणाचा. चौथा रकाना भरताना डोकं खाजवावं लागणार, हे आत्ताच दिसतंय.

5 मार्च

'सिक्रेट ओरिजिन्स', तीन भाग. परग्रहावरून हल्ला होतो, एकेक नायक येऊन मिळतो, शेवटी सात जण: सुपरमॅन, बॅटमन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल, मार्शियन मॅनहंटर. सगळ्यांची ओळख करून द्यायची असल्यामुळे हा भाग कुणाचाच नाही. चौथ्या रकान्यात रेघ मारली.

एक जागा मात्र उचलण्यासारखी. शेवटी अंतराळात वॉचटॉवर हे त्यांचं ठाणं उभं राहिलेलं दिसतं. पैसा बॅटमनच्याच वेन कंपनीचा, आणि तो कंपनीच्याच अंतराळ संशोधनाच्या खर्चात कुठेतरी दडवलेला. बॅटमन हे अगदी सहज सांगून टाकतो. एका वाक्यात माणूस कळला: मदत करणार, पण हिशेब कुणाला दिसू देणार नाही. आणि तोच पुन्हा सांगतो की मी पूर्णवेळ सभासद नाही, गरज लागली तर बोलवा. म्हणजे गैरहजर राहायची परवानगी त्याने पहिल्याच गोष्टीत काढून ठेवली! लेखकांनी पुढची सोय पाहिलेली दिसते.

9 मार्च

पहिल्या पर्वात एकाही गोष्टीला एक भाग पुरत नाही. सगळ्या दोन भागांच्या, सुरुवातीची आणि शेवटची तीन-तीन भागांच्या. याचा फायदा असा की वातावरण जमायला वेळ मिळतो. तोटा असा की मधली मारामारी पाणी घालून वाढवल्यासारखी होते. 'वॉर वर्ल्ड' बघताना दोनदा उठून चहा करून आलो, काही चुकलं नाही.

'इन ब्लॅकेस्ट नाइट' मात्र छान. ग्रीन लँटर्न जॉन स्टुअर्टवर खटला चालतो: त्याच्या हातून एक अख्खा ग्रह नष्ट झाला असा आरोप, आणि तो स्वतःही तो मान्य करून बसलाय. वकीलपत्र घेतो फ्लॅश! कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि तिथला नियम असा की अशिलाला जी शिक्षा होईल तीच वकिलालाही. बडबड्या पोरगा म्हणून ज्याला आपण बाजूला ठेवला होता, तो मित्रासाठी मान पुढे करून उभा राहतो. बाकीचे दुसरीकडे पुरावा शोधताहेत. एकाच संकटाची दोन कामं केली, की कुणी रिकामं उभं राहत नाही. तक्त्यात खूण केली.

12 मार्च

सुपरमॅनचं दुखणं. पहिल्या पर्वात नवा खलनायक आला की तो पहिला फटका सुपरमॅनला मारतो आणि हा धाडकन जाऊन आपटतो. कारण उघड आहे: गडी किती ताकदवान हे दाखवायचा स्वस्त मार्ग. पण दर आठवड्याला तेच झालं की सुपरमॅनच दुबळा वाटायला लागतो. तेव्हाच्या प्रेक्षकांनी यावरून भरपूर ओरड केली होती आणि निर्मात्यांनीही ते मान्य करून दुसऱ्या पर्वात त्याला पुन्हा दणकट केलं.

आमच्यासाठी हा सरळ इशारा आहे. आमच्या पाचांत जो सर्वांत बलवान आहे, त्याला आपण पहिल्या मसुद्यात दोनदा बेशुद्ध पाडलाय. सहलेखकाला दाखवलं. तो म्हणाला, "अरे, मग याला घरी ठेवू या ना." नेमकं तेच तर मी म्हणतोय.

16 मार्च

'लेजंड्स'. दोन भाग, आणि यावर जास्त लिहिणार आहे.

जॉन स्टुअर्ट, फ्लॅश, हॉकगर्ल आणि मार्शियन मॅनहंटर एका स्फोटामुळे दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पडतात. तिथे गोड, स्वच्छ, जुन्या अमेरिकी जाहिरातीतलं वाटावं असं शहर आणि 'जस्टिस गिल्ड' नावाची नायकांची टोळी. जॉनला ती लगेच ओळखू येते, कारण लहानपणी त्यांच्याच चित्रकथा वाचत तो मोठा झालेला. त्याचे नायक त्याच्यासमोर जिवंत उभे! आणि पुढे काय होतं? गिल्डमधला एक जण जॉनची पाठ थोपटत म्हणतो की तू तुमच्या लोकांचं नाव काढलंस. गिल्डमधली बाई हॉकगर्लला म्हणते, पुरुष मंडळी बोलताहेत तोवर आपण स्वयंपाकघरात बिस्किटांचं बघू. यात कुणाचंच मन कुत्सित नाही. ते त्यांच्या काळात आहेत, इतकंच. हॉकगर्लचा चेहरा त्या क्षणी असा होतो की दहा संवाद लिहूनही तेवढं साधलं नसतं. जॉन मात्र गप्प राहतो, कारण लहानपणीचं दैवत आहे, बोलणार काय?

पुढे कळतं की गिल्ड कधीच मेलेली आहे. युद्धात शहर बेचिराख झालं आणि उरलेल्या एका मुलाने आपल्या मनाच्या ताकदीवर हे सगळं पुन्हा उभं करून लोकांना त्यात कोंडून ठेवलंय. हे कळल्यावरही गिल्डची माणसं लढतात. आपण नाहीसे होणार हे माहीत असून. त्यांचे जुनाट विचार आणि त्यांचा मोठेपणा, दोन्ही एकाच गोष्टीत खरे ठेवलेत. जुन्या चित्रकथांचे लेखक गार्डनर फॉक्स यांना हा भाग अर्पण केलेला आहे, म्हणजे टिंगल करायची नव्हती हे नक्की.

हजेरीपटात पाहिलं तर सातांपैकी सुपरमॅन, बॅटमन, वंडर वुमन या तीन बड्या नावांना जवळजवळ कामच नाही. चौथा रकाना: जॉन स्टुअर्ट, डोळे झाकून.

19 मार्च

दुसऱ्या पर्वात चित्रचौकट रुंद झाली आणि लेखनही मोकळं झालं. 'ओन्ली अ ड्रीम' मध्ये झोपेत गाठणारा खलनायक. एकेक करून चौघं झोपेत अडकतात, त्याला गाठायला उरतो बॅटमन, जो जागा राहण्यासाठी कॉफी ढोसतो आणि बालगीत गुणगुणत राहतो. एवढा करडा माणूस आणि तोंडात बडबडगीत! गैरहजेरीची ही वेगळीच तऱ्हा: आहेत, पण झोपलेले.

'कम्फर्ट अँड जॉय' हा पहिल्या दोन पर्वांतला एकमेव एकटा भाग. नाताळ. मार्शियन मॅनहंटरला घर नाही म्हणून क्लार्क (म्हणजे सुपरमॅन) त्याला आईवडिलांच्या शेतावर घेऊन जातो. मारामारी नावापुरती. ताईंना हाच भाग आधी दाखवायचा, असं ठरवलं.

23 मार्च

'अ बेटर वर्ल्ड'. समांतर जगात सुपरमॅनचा जुना शत्रू लेक्स लूथर राष्ट्राध्यक्ष झालाय आणि तिथला सुपरमॅन त्याला ठार मारतो. तिथून त्या जगातली टोळी हळूहळू हुकूमशहा बनते: गुन्हा नाही, अस्वच्छता नाही, निवडणुकाही नाहीत. दोन बॅटमन समोरासमोर येतात तो प्रसंग थांबवून-थांबवून पाहिला. तिथला बॅटमन म्हणतो की आम्ही असं जग केलंय जिथे कुठल्याही आठ वर्षांच्या पोराचे आईबाप गुंडाच्या गोळीला बळी पडणार नाहीत (बॅटमनचे स्वतःचे तसेच गेलेले). आपला बॅटमन यावर हरतो. हातातलं हत्यार खाली करतो. हा वाद मारामारीने जिंकता येत नाही हे लेखकांना पटलेलं आहे, म्हणून त्यांनी तो ताकदीने मिटवला नाही. मग गाडीतून जाताना रस्त्यावर एका गिऱ्हाइकाला हॉटेलच्या बिलावरून कटकट केली म्हणून पोलीस धरताना दिसतात, आणि आपला बॅटमन एवढंच म्हणतो की आईबाबांना हे फार आवडलं असतं. असल्या टोमण्याला उत्तर नसतं.

त्या जगात फ्लॅश मेलेला आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा नुसतं लिहून पुढे गेलो होतो. आज परत येऊन खाली दुहेरी रेघ मारली. तिथली घसरण त्याच्या मरणापासून सुरू होते.

30 मार्च

पाडवा. सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड आणि पेंग, संध्याकाळी 'स्टारक्रॉस्ड' चे तीनही भाग सलग.

हॉकगर्ल आपल्या ग्रहाची हेर निघते. तिच्या लोकांनी पृथ्वीला मदत करतो म्हणून ताबा घेतला, आणि टोळीतल्या प्रत्येकाचं मर्म तिनेच त्यांना कळवलं होतं. पुढे पृथ्वीच नष्ट होणार हे कळल्यावर ती फिरते, सगळं सांगून टाकते. युद्ध संपतं. मग खरा प्रसंग: वेनच्या वाड्यात बाकीचे सहा जण बंद दाराआड बसलेत, तिला ठेवायचं की काढायचं यावर मतदान चाललंय. ती बाहेर एकटी. बटलर आल्फ्रेड चहा घेऊन येतो. त्या दोघांचं बोलणं जेमतेम काही वाक्यांचं, पण आल्फ्रेडला तिथे उभं करायचं ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी, कारण तो त्या टोळीत नसूनही तिचा आहे.

दार उघडतं, निकाल सांगायला कुणी तोंड उघडायच्या आत ती राजीनामा देते. मतदान कसं झालं ते आपल्याला कळतच नाही. पुढच्या मालिकेत बऱ्याच भागांनंतर सुपरमॅन तिला सांगतो की निर्णायक मत त्याचं होतं आणि ते तिच्या बाजूने होतं. मधल्या भागांत ती नसते. तिची गैरहजेरी मात्र जॉनच्या प्रत्येक प्रसंगात असते. तिसऱ्या रकान्यात आजवर मी 'कामावर', 'बेशुद्ध', 'कारण नाही' असली टिपणं करत होतो. इथे नसणं हीच गोष्ट आहे.

2 एप्रिल

'अनलिमिटेड' सुरू. सातांचे एकदम पन्नासाहून जास्त झाले! पहिल्याच भागात वॉचटॉवरमध्ये रंगीबेरंगी पोशाखांची गर्दी आणि सुपरमॅनचं भाषण. सहलेखक बघून म्हणाला, "संपलं. आता कुणालाच काही मिळणार नाही." झालं उलटंच. बहुतेक गोष्टी आता एकाच भागात मिटतात आणि एका वेळी तीन-चार जणच बाहेर पडतात.

ही सोय मार्शियन मॅनहंटरच्या खुर्चीत आहे. तो ठाण्यावर बसून ठरवतो, कोण कुठे जाणार. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक ड्युट्या लावतो तसा. त्याने नाव पुकारलं नाही तो घरी, आणि प्रेक्षक विचारत नाही की सुपरमॅन का आला नाही. तिसऱ्या रकान्याचा प्रश्न एका पात्राने कायमचा मिटवला. अर्थात त्याची किंमत त्या पात्राला मोजावी लागते: लढायला जाणारा माणूस पडद्यांसमोर बसून राहतो, लोकांपासून तुटत जातो. लेखकांनी तेही वाया घालवलं नाही, पुढे 'टू अनदर शोअर' मध्ये तो याच कारणाने टोळी सोडून माणसांत राहायला जातो.

5 एप्रिल

'द ग्रेटेस्ट स्टोरी नेव्हर टोल्ड'. आमच्या वादाचं उत्तर याच भागात आहे, बाकी नव्वद नाही पाहिले तरी चालेल (नाही, चालणार नाही, पण बैठकीत असंच म्हणणार).

अख्खी टोळी एका महाभयंकर जादूगाराशी लढते आहे. आणि आपण? आपण रस्त्यावर बूस्टर गोल्डबरोबर आहोत, ज्याला गर्दी आवरायचं काम दिलंय. हा भविष्यातून आलेला, जाहिरातबाज, प्रसिद्धीला हपापलेला गडी. लोक त्याला ग्रीन लँटर्न समजतात आणि तो दर वेळी नाव सांगून दुरुस्त करतो. दरम्यान जवळच एका शास्त्रज्ञाच्या शरीरात कृष्णविवर तयार होऊन शहर गिळायला निघतं, आणि ते थांबवायला हा एकटाच. तो ते करतो. कुणाला पत्ता नाही. परत येतो तर बॅटमन खडसावतो की तुला गर्दी आवरायला सांगितलं होतं. तो बिचारा काही बोलत नाही. मदतीला असलेली शास्त्रज्ञ बाई येऊन त्याला कॉफीला विचारते, तेवढंच बक्षीस.

जादूगाराची लढाई आपल्याला धड दिसतही नाही. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत तीच लढाई भाग असती.

8 एप्रिल

झपाट्याने पुढे. 'टास्क फोर्स एक्स' मध्ये तर नायकच खलनायक: सरकारने तुरुंगातून काढलेले गुन्हेगार वॉचटॉवरवर दरोडा घालतात, आणि आपण मनातल्या मनात त्यांच्या बाजूने. 'क्लॅश' मध्ये सुपरमॅनची खुन्नस बघवत नाही, आणि ते मुद्दाम आहे. 'डबल डेट' हलकाफुलका, जमलेला. 'हंटर्स मून' आला-गेला.

12 एप्रिल

दुहेरी रेघेचं कारण आज पुरतं कळलं. दुसऱ्या पर्वात समांतर जगाबद्दल जे सुचवलं होतं, त्याचा धागा इथे सरकारी कॅडमस प्रकल्पाच्या सलग कथेत पुन्हा वर येतो. क्वेश्चन हा संशयी गुप्तहेर कागद चाळून शोधतो की त्या जगात लूथरने फ्लॅशला मारलं आणि त्यावर सुपरमॅनने लूथरला. म्हणजे आपलंही जग त्याच वाटेवर आहे का? 'डिव्हायडेड वी फॉल' मध्ये बाकी सगळे पडल्यावर फ्लॅश एकटा उठतो आणि पृथ्वीला फेऱ्या मारमारून इतका वेग घेतो की स्वतःच विरून जायला लागतो. बाकीचे सहा जण त्याला हाताला धरून परत ओढतात.

ताकदीच्या उतरंडीत फ्लॅशला मी सुरुवातीला तळाला ठेवला होता, विनोदासाठी. पण टोळी त्याच्यावर उभी आहे. तो असला तर बाकीचे माणसात राहतात.

आणि मग 'एपिलॉग'. मरायला टेकलेली एस नावाची मुलगी, जिच्या मनाची ताकद तिच्या मरणासोबत फुटून शहराचा जीव घेईल. सरकारी बाई अमांडा वॉलर बॅटमनच्या हातात तिला मारायचं यंत्र देते. बॅटमन आत जातो. मुलीला कळतं की हा ते वापरणार नाही. ती विचारते, थांबशील का? दोघं झोक्यावर बसतात. टोळी बाहेर. त्या दृश्यात दुसरा एकही नायक घातला असता तर ते कोसळलं असतं. ताईंना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

15 एप्रिल

शेवटचं पर्व. शेवटाकडच्या भागांतले दोन नोंदवतो.

'फ्लॅश अँड सबस्टन्स': फ्लॅशच्या शहरात त्याचं संग्रहालय उघडतंय, पाहुणे म्हणून बॅटमन आणि टोळीतलाच ओरायन. जुने शत्रू कट करताहेत. माहिती काढायला हे तिघं एका बारमध्ये जातात, तिथे त्या शत्रूंपैकी ट्रिक्स्टर बसलाय. बॅटमन आणि ओरायन दमात घ्यायच्या तयारीत. फ्लॅश शेजारी बसून विचारतो, गोळ्या बंद केल्यास का रे? परत तो पोशाख चढवलास? ट्रिक्स्टर खाली बघतो, खरंच की, अंगावर पोशाख आहे. फ्लॅश त्याला सांगतो, हे संपव आणि मग रुग्णालयात स्वतः हजर हो, मी भेटायला येईन. आणि तो कबूल होतो! याला आवाज अभिनेता मार्क हॅमिलचा आहे, आणि त्या आवाजात क्षणभर जी शरम उमटते ती ऐकण्यासारखी. बॅटमनला इथे जवळपास काहीच करायला दिलेलं नाही, बघण्याशिवाय. तेच त्याचं काम.

'पेट्रियट ॲक्ट': राक्षस झालेल्या सेनापतीसमोर ज्यांच्याकडे शक्ती नाहीत असे नायक. धनुर्धारी, तलवारवाला, बंदूकवाला. सगळे मार खातात. शेवटी सामान्य लोक, त्यांत एक म्हातारी, पुढे येऊन आडवे उभे राहतात आणि सेनापती परत फिरतो. बडे नायक नाहीत म्हणूनच हे शक्य झालं. मालिकेतल्या या उत्तरार्धाच्या लेखनामागे ड्वेन मॅकडफी यांचा मोठा हात. 2011 मध्ये ते गेले.

'डिस्ट्रॉयर', मालिकेचा शेवटचा भाग, पाहिला. गोंगाट जास्त. सुपरमॅनचं ते भाषण, की मी सतत जपून वागतो, जग पुठ्ठ्याचं असल्यासारखं, ते मात्र पहिल्या पर्वातल्या सगळ्या धडपडाटाचं उशिरा दिलेलं उत्तर वाटलं.

19 एप्रिल

बैठक. हजेरीपट भिंतीवर लावला. ताईंनी आधी शांतपणे पाहिला, मग चौथ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे ज्या भागात सगळे आहेत, तो कुणाचाच नाही." अगदी तसंच नाही, 'स्टारक्रॉस्ड' मध्ये सगळे आहेत आणि तो हॉकगर्लचा आहे. पण मी वाद वाढवला नाही.

त्यांचीही एक अट रास्त: जो नाही त्याचं कारण एका वाक्यात कुणीतरी बोललं पाहिजे, गृहीत धरायचं नाही. पोरं विचारतात.

ठरलं ते असं. पहिला भाग पाचांचा. दुसऱ्यात दोघंच. बलवान दादा तिसऱ्या भागात आजीला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात, आणि तो नसल्यामुळे जे बिघडतं तीच गोष्ट. टोळीतली धाकटी, जिला आम्ही विनोदापुरती ठेवली होती, तिची वाक्यं सहलेखक नव्याने लिहिणार. दुसऱ्या भागाचा मसुदा माझ्याकडे, 28 तारखेपर्यंत.